काडीवरची पारख

शिवाजी पेठेत कृष्णाततात्यांचं साड्यांचं दुकान होतं. रेशमाचा दोरा ते काडीवर जाळून बघायचे. राख झाली तर अस्सल, वितळून गोळी झाली तर नकली!

त्यांची लेक संयोगिता विद्यापीठात संशोधन करायची. प्लॅस्टिकसारख्या रसायनाचे दोरे ओढायचे आणि भट्टीत तापवून त्यांना चिनीमातीसारखं पक्कं करायचं, हे तिचं काम. तीन वर्षं दर खेपेला गोळीच हाती आली. आज पहिल्यांदा एक काळा, केसाएवढा दोरा अख्खा निघाला. उद्या तो सरांना दाखवायचा, म्हणून ती नाचतच दुकानात आली.

"तीन वर्षांत एवढंच व्हय गं?" म्हणत तात्यांनी दोरा चिमटीत धरला आणि सवयीनं काडी ओढली.

"तात्या, नगं!" संयोगिता किंचाळली.

ज्योत दोऱ्याला भिडली. दोरा लालबुंद झाला, पण ना राख, ना गोळी. काडीच जळत बोटापर्यंत आली, तशी तात्यांनी ती फेकली.

"आयला, ह्यो जळंना की! ह्याला अस्सल म्हणू का नकली? तूच सांग."

संयोगितानं दोरा उजेडात धरून न्याहाळला; तो होता तस्साच होता.

"काडीनं काय कळतंय, तात्या? स्टो पेटवा की!"