सूर्यदेवीचा आरसा

"पुन्हा हरलो गं ताई," म्हणत निरंजनने आपली सामुराईची सोंगटी पटावर आडवी केली. सलग अकरावा रविवार होता. जपानी पाताळातल्या भुयारातून दोघं शेवटच्या दारापर्यंत पोचायचे आणि तिथला राक्षस त्यांना गारद करायचा. जिंकायचं तर दोघांनी मिळून, हरायचं तरी मिळून. फक्त हातातले पत्ते एकमेकांना दाखवायचे नाहीत, असा खेळाचा नियम.

त्या नियमाआड मृणालने सूर्यदेवीचा आरसा दडवला होता. तो पत्ता टाकताच राक्षस मरून दार उघडलं असतं. पण खेळ संपला नाही तर भाऊही जाणार नाही, असं तिने त्याच्या पहिल्या केमोपासून मनात धरलं होतं.

"दारापलीकडे काय आहे ते एकदा बघायचंय," तो म्हणायचा.

"पुढच्या रविवारी," ती म्हणायची.

त्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळू, मुलीला शिकवू, सगळ्यांचं बोलून झालं. मृणालने पर्समधून पत्ता काढून पिंडाशेजारी ठेवला. "उघडते रे दार," ती पुटपुटली.

कावळा फांदीवरून उठला, घाटावर एक घिरटी घालून नदीपलीकडे निघून गेला. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.