पदर, काडेपेटी, वात

“पदर?”

“खोचला.”

“काडेपेटी?”

“डावीकडे. निरांजनापासून एक वीत.”

“हात लाव, मग बोल. नुसतं बोलून विमान उडत नाही.”

ठमाबाईंनी हात लावला. काडेपेटी तिथेच होती. त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधलेला होता आणि ओठांवर हसू होतं. “अहो, देवघर आहे हे. उडवायचंय कुठे?”

नाव घेणारे त्यांचे यजमान विश्रामराव हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. उमेदीची अठरा वर्षं त्यांनी एकाच जातीच्या विमानावर काढली होती. हलकं, एका इंजिनाचं, एका माणसाचं लढाऊ जेट. नाकाशी दोन तोफा, पंखांखाली दोन बॉम्ब, बस्स. ठमाबाईंनी सवतीचं कौतुक ऐकावं तसं संसारभर त्याचं कौतुक ऐकलं होतं.

“मातीच्या धावपट्टीवरून उडायचं गं. पंख इतके खाली, की आम्ही शिडी न लावता जमिनीवर उभं राहून बॉम्ब टांगायचो. आत जागा एवढीशी. वैमानिकाचे दोन्ही खांदे घासायचे. पण एकही बटण असं नाही, की त्याला हात लांब करावा लागेल.” मग त्यांचा आवाज खाली यायचा. “आत धूर भरला, काही दिसेनासं झालं, तरी उतरता आलं पाहिजे ना! म्हणून आधी डोळे बांधून परीक्षा. एकाने नाव घ्यायचं, वैमानिकाने हात लावायचा. एक चुकलं, तर उड्डाण नाही.”

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी काचबिंदूचं सांगितलं, त्या दिवशी बाळकुमला परतताना रिक्षात ठमाबाई एवढंच म्हणाल्या, “माझ्या नेमाचं काय होईल हो?” लग्न झाल्यापासून स्वतःच्या हाताने दिवा लावल्याशिवाय त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. नजर हळूहळू जाईल, वर्षभर तरी पुरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. विश्रामरावांना वर्ष म्हणजे भरपूर वाटलं. घरी येऊन त्यांनी चहाही न घेता मोजपट्टी काढली.

सून कल्पिता मात्र घाबरली होती. पदराने पेट घेतला तर? तिने बॅटरीवरची समई आणली. “आई, बघा ना, अगदी खरी वाटते. ज्योत हलते पण.”

“छान आहे गं. मग नैवेद्यही चित्रातलाच दाखवू?”

शेवटी ठरलं. डोळे बांधून एकदा पूजा बिनचूक झाली, तर बॅटरीची समई दुकानात परत. चुकली, तर खरा दिवा कायमचा बंद.

देवघर ठमाबाईंच्या कोपराच्या उंचीवर आलं. ड्रॉवर काढून टाकला. प्रत्येक वस्तूला लाकडी पट्ट्यांची चौकट बसली. भांडण झालं ते देवांवरून.

“सत्तावीस देव! वजन कमी कर थोडं. हलकं विमान करायचं म्हणजे काय न्यायचं नाही, ते आधी ठरवायचं.”

“तुमच्या विमानातून वैमानिकाला काढत होता का?”

“त्याला कसं काढणार?”

“मग माझे देव वैमानिक आहेत. काढायचीच तर ती तांब्याची भांडी काढा.”

भांडी खालच्या फळीवर गेली. पंखांखाली बॉम्ब जावेत तशी.

रोज सकाळी सराव सुरू झाला. पहिल्या आठवड्यात गणपतीला फुलाऐवजी कापूर वाहिला गेला. दुसऱ्या आठवड्यात घंटा पायावर पडली. “तुमचा वैमानिक लंगडला,” ठमाबाई म्हणाल्या आणि दोघं पोट धरून हसले. मग पंधरवड्यापूर्वी त्यांचा हात एकाएकी स्थिरावला. चाचपडणं थांबलं. आपली शिकवणी लागू पडली, म्हणून विश्रामराव दोन दिवस शीळ घालत फिरले.

आज परीक्षा. कल्पिता ओला टॉवेल घेऊन शेजारी उभी होती.

“वात?”

ठमाबाईंनी वात उचलली, तुपात भिजवली, बोटांनी टोक काढलं. काडी ओढली. ज्योत वातीला लागली, बोटाला नाही. फुलं, अक्षता, घंटा, सगळं आपापल्या जागी सापडलं. कल्पिताने टॉवेल खाली ठेवला आणि सासूला मिठी मारली. “आई, हरले मी. समई आजच परत करते.” ती खोकं घेऊन बाहेर गेली.

विश्रामरावांनी पंचा सोडला आणि वाळत घालायला खिडकीशी गेले. छाती अभिमानाने भरून आली होती.

“अहो, आरती घ्या ना.”

ते वळले. ठमाबाईंचे डोळे उघडे होते. निरांजन त्यांनी पुढे धरलं होतं, मघाशी विश्रामराव उभे होते त्या जागेपाशी. तिथे कुणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे पाहून त्या प्रेमाने हसत होत्या.

“ठमे,” ते म्हणाले. “कधीपासून?”

निरांजन थोडं हललं. आवाज आला त्या दिशेला ठमाबाईंनी मान वळवली.

“संकष्टीपासून. पंधरा दिवस झाले. तुम्ही गॅलरीत म्हणालात, बघ, चंद्र आला. मी तुमच्या शब्दावर उपास सोडला.”

“आणि तरी रोज पंचा बांधून घेत होतीस?”

“तुम्ही इतक्या हौसेने बांधत होता.”

विश्रामराव हळूच परत आले. होते त्याच जागी उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी ज्योतीवर धरले आणि डोळ्यांना लावले. त्या उबेच्या मागोमाग ठमाबाईंचा हात आला. तो त्यांच्या खांद्याला लागला आणि तिथेच थांबला.

“इथेच उभे राहत जा,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं मला सापडतं.”