पुढची खुर्ची

"दोनच जागा उरल्यात," कुनमिंग विमानतळावरच्या तिकीटखिडकीतली मुलगी म्हणाली. "एक मागे, साध्या वर्गात. एक पुढे, बिझनेसमध्ये. पुढची तीनशे युआननं स्वस्त आहे."

"स्वस्त?" न्येला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मागच्या संपत आल्या, म्हणून भाव चढलाय. पुढच्या कुणी घेईना, म्हणून उतरवलाय."

न्येनं आपल्या कचेरीच्या संचालक पांगांकडे पाहिलं. सरकारी माणसानं साध्या वर्गातूनच जायचं, असा नियम. तिकीट स्वस्त असलं म्हणून काय झालं, त्यावर 'बिझनेस' छापलेलं असणार.

"मी पुढे बसलो आणि कुणी फोटो काढला, तर माझी खुर्ची जाईल," पांग म्हणाले. "पुढचं तू घे, बारक्या."

"साहेब, तुम्ही मागे आणि मी पुढे? मी उद्या येतो की!"

"आणि सकाळी हार्बिनच्या बैठकीत आकडे कोण वाचणार, तुझा बाप?"

न्येनं स्वतःच्या खिशातून पैसे भरले. कचेरीत ते तिकीट मंजूर होणार नव्हतंच. त्याचं त्याला दुःख नव्हतं, घोर वेगळाच होता. उपप्रमुखाच्या जागेसाठी त्याचं नाव पांगांच्या टेबलावर पडून होतं आणि पुढच्या आठवड्यात त्यावर सही व्हायची होती. हा तिढा चांगल्या मुहूर्तावर पडला होता!

पुढच्या प्रवाशांना आधी आत सोडलं. हवाईसुंदरी गुडघ्यावर बसून विचारत होती, "न्ये साहेब, चहा कोणता आणू?" तेवढ्यात मागच्यांची रांग आत आली आणि नेमकी त्याच्या खुर्चीपाशी अडली. समोर पांग. न्ये ताडकन उठला, तोच वरच्या कप्प्यावर डोकं आपटलं.

"बस, बस," पांग हसले.

"काका, वाटेत थांबू नका हं," हवाईसुंदरी पांगांना गोड आवाजात म्हणाली. "मागे सरकत राहा."

पडदा ओढला गेला. जेवण चिनीमातीच्या वाडग्यात आलं. न्येनं दोन घास खाऊन वाडगा बाजूला सारला. मागे, संडासाला लागून, दोन दांडग्या माणसांच्या मधे साहेब कसे बसले असतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

हार्बिनला पुढच्यांना आधी उतरवलं. न्ये दाराबाहेर भिंतीला चिकटून उभा राहिला. सगळं विमान रिकामं होत आलं, तेव्हा पांग आले. मान आखडलेली, कोट चुरगळलेला. न्येनं लगबगीनं त्यांच्या बॅगेकडे हात नेला.

पांगांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"राहू द्या, न्ये साहेब," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो मागून."

आणि तो चालू लागेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.