पुतळाबाईचं म्हणणं

“कुठं दुखतंय, ताई?” डॉक्टर देवरेंनी पुन्हा विचारलं. या वेळी मोठ्यानं.

खाटेवर पोट धरून बसलेली पुतळाबाई नुसती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. उत्तर दिलं ते शेजारी उभ्या असलेल्या तिच्या जावेनं, सरितानं.

“तिला ऐकू येत नाय, साहेब. जन्मापासून. बोलता बी येत नाय. पहाटं उठली ती पोट धरूनच. उलट्या बी झाल्या.”

सरिता तिला पेठकडच्या पाड्यावरून जीपनं नाशिकला घेऊन आली होती. दोघींचे नवरे दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीवर गेलेले.

“शिळं काही खाल्लं होतं का?”

“आम्ही समद्यांनी तेच खाल्लं. आम्हाला काय नाय झालं.”

देवरे पित्ताचं इंजेक्शन लिहू लागले. मागे वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाची मुलं उभी होती. त्यातून हर्षाली पुढं आली.

“सर, मी विचारून बघू? मला खुणांची भाषा थोडी येते.”

तिच्या वर्गातला सनी हसला. वर्षभर हर्षाली दर रविवारी नाशिकरोडला जात होती. तिथल्या एका चहाच्या टपरीशी ऐकू न येणाऱ्या तरुणांचा अड्डा जमे. त्यांच्यातलाच रविराज तिला शिकवायचा. वर्गातली बाकीची मुलं त्या वेळी सोमेश्वरच्या धबधब्यावर नाहीतर धरणावर असत. “हे परीक्षेला येणार आहे का?” सनी विचारायचा. येणार नव्हतंच.

देवरेंनी मान डोलावली. हर्षालीनं हातांनी विचारलं, दुखतंय कुठं? कधीपासून?

पुतळाबाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती कधी शाळेत गेली नव्हती. शहरातल्या या खुणा तिच्या नव्हत्याच.

“गेले की तुझे रविवार,” सनी हळूच म्हणाला.

हर्षालीचे कान तापले. तिनं हात खाली घेतले. मग ती खाटेसमोर उकिडवी बसली, पुतळाबाईच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी, आणि काहीच न विचारता नुसती बघत राहिली.

पुतळाबाईनंही तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं तळहातावर गाल टेकवला. खालच्या फरशीकडे बोट दाखवलं. आणि एक हात दुसऱ्या हातावरून लाटेसारखा सरकवत नेला.

“सकाळपासून तेच करते,” सरिता म्हणाली. “जमिनीवर झोपते ना, घोंगडी मागते.”

पुतळाबाईनं जोरात मान हलवली. नाही. तिनं सरिताच्या गळ्यातल्या काळ्या पोतीला हात लावला, मग स्वतःच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बोटानं आडव्या रेघा काढल्या. एक, मग थोडी जागा सोडून दुसरी, तिसरी. शेवटी कानामागं चिमटा घेतला.

ते बघताना हर्षालीच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. डोळे उघडे ठेवायला पुतळाबाईला कपाळ वर ओढावं लागत होतं.

“सर, घोंगडी नाही. साप म्हणतायत त्या. काळा, पट्ट्यापट्ट्यांचा. झोपेत चावलाय. आणि पापण्या बघा, खाली येतायत.”

देवरेंनी लिहिणं थांबवलं. कानामागं बॅटरी धरली. डास चावल्यासारखा एक ठिपका, तोही असून नसल्यासारखा. त्यांनी पुतळाबाईच्या पापण्यांकडे पाहिलं.

“मण्यार,” ते म्हणाले. “ती चावली की आधी पोटच दुखतं.” “सिस्टर, सर्पदंशाची लस. आयसीयूला कळवा.”

मग सगळी धावपळ झाली. सलाइन लागेपर्यंत हर्षाली पुतळाबाईला दिसेल अशीच उभी राहिली. सरिता भिंतीला टेकून रडत होती. “मला वाटलं घोंगडी,” एवढंच म्हणत होती.

खाट हलवल्यावर देवरे हर्षालीजवळ आले.

“हे खुणांच्या भाषेत शिकवतात?”

“खुणा शिकवतात, सर. पण मला शिकवणाऱ्या रविराजचं म्हणणं, हात नंतर. आधी समोरच्याकडे बघायचं.”

“मी मात्र नुसता विचारत होतो,” देवरे म्हणाले.

दोन दिवसांनी, दुपारी, हर्षाली वॉर्डात आली आणि दाराशीच थांबली. पुतळाबाई उशीला टेकून बसली होती. डोळे चांगले उघडे. सरिता तिच्यासमोर उभी राहून तिला काहीतरी सांगायची धडपड करत होती.

“घरून फोन आला,” हर्षालीला बघून ती लाजत म्हणाली. “शेळी व्यायली आमची. ते सांगते हिला.”

तिनं डोक्यावर दोन बोटं उभी धरली. पुतळाबाई खुदकन हसली. तिनं सरिताची बोटं धरून मागं वाकवली. तशी नव्हे, अशी. शेळीची शिंगं अशी असतात.

सरितानं पुन्हा करून दाखवलं. हर्षालीनं स्टूल ओढलं, खाटेजवळ बसली, आणि स्वतःच्या डोक्यावर दोन बोटं वाकवून पुतळाबाईकडे बघितलं.