बिनचिखलाचा मालक

सुनेचं हे वागणं रुखमाबाईला मुळीच पटलं नव्हतं. धानाच्या रोवणीचा शेवटचा दिवस. रोपांची शेवटची पेंढी घरच्या सुनेनं लावायची, मग बायांनी मालकाला चिखलानं माखायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. सिहोऱ्यात सगळ्यांना ठाऊक. सून बाळंतीण असली तरी त्या एका पेंढीपुरती येते. रुखमाबाई स्वतः आली होती, वीरेंद्रला झोळीत घालून. आणि ही बाळंतीण मनाली शेताच्या कडेला धुऱ्यावरच बसून राहिली होती.

"पाय मळते का नवाबीणबाईचे?" रुखमाबाई बांधीतल्या चिखलातून ओरडली. "साऱ्या बाया खोळंबल्या ना वं!"

बाया हसल्या. रुखमाबाईची जीभ गावाला माहीत होती. तिची रोवणीची ओळही. दोरी न लावता सरळ.

वीरेंद्र पांढरा शर्ट घालून उभा होता. या दिवशी तो मुद्दाम पांढराच घाली, चिखल उठून दिसावा म्हणून. तो म्हणाला, "राहू दे, आई. नखरे हायेत तिचे. घरीबी असंच. हात लावला का रडते."

आता कुणी हसलं नाही.

रुखमाबाई धुऱ्यावर चढली. सुनेला ओढायला म्हणून तिनं हात धरला. हात तापानं भाजत होता. मग तिला लुगड्यावरचा डाग दिसला.

"काय झालं वं?"

"टाके उकलले, मामीजी." सासूशी बोलताना मनालीचा आवाज खाली होता, पण थांबला नाही. "सिस्टरनं याच्यासमोर सांगतलं होतं, दूर राहा. मी नाई म्हटलं. रोज नाई म्हटलं. यानं तोंड दाबलं."

"माही बायको हाय, आई," वीरेंद्र म्हणाला. "परायी नाई."

"बायको हाय," रुखमाबाई त्याच्याकडे वळली. "तुही बांधी नाई, मनात आलं का नांगर घातला."

बाया ओंजळीत चिखल घेऊन उभ्या होत्या. वीरेंद्रनं उसनं हसून हात पसरले. "चला, लावा लवकर."

"याले कोणी बोट लावू नका," रुखमाबाई म्हणाली. "चिखल मानाच्या माणसाले लावतात."

बायांनी चिखल बांधीत सोडला. हात धुतले. वीरेंद्र तसाच उभा राहिला, रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसेल इतका स्वच्छ.

तुमसरच्या दवाखान्यात जायला रुखमाबाईनं बायांमधल्या उषाबाईला ऑटो बोलवायला पिटाळलं. ओळीच्या टोकाला एका पेंढीची जागा रिकामी होती. रुखमाबाईची ओळ अशी कधीच सुटली नव्हती. मनाली तिकडेच बघत होती.

"तेवढी लावून देतो, मामीजी. रिवाज हाय."

रुखमाबाईनं पदराला हात पुसले, सुनेच्या कमरेला आधार दिला, आणि साऱ्या बांधीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"राहू दे रिकामी. या घरात नाई म्हणणारी आजवर मी एकटीच होती. आता दोघी झालो."