उपाशी पोटी
"मुलगी किती गुणी आहे हो तुमची! रडणं नाही, हट्ट नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

शिंप्याने झटकन खाटेवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावला. त्याच्या चार वर्षांच्या लेकीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी आणि गुणी! सकाळी आल्या आल्या तिने अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आता अकरा वाजता ती उशीला गाल टेकून नुसती भिंतीकडे बघत होती. कपाळ गार, घामेजलेलं.

खाटेच्या पायथ्याशी पाटी होती: 'ऑपरेशन आहे. तोंडावाटे काही देऊ नये.' टॉन्सिलचं ऑपरेशन, नऊची वेळ. मोठे डॉक्टर कुठे अडकलेत, हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

त्याने पुन्हा ते पत्र सिस्टरांपुढे केलं. तज्ज्ञांनी लिहून दिलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. अंगातली साखर संपली की बाकीच्यांचं शरीर चरबी जाळून भागवतं. हिच्या शरीराला ते जमत नाही; आधी गुंगी येते, मग जिवावर बेततं. आजार जन्माचा, औषध एकच, वेळेवर खाणं. चार तासांच्या वर उपाशी ठेवू नये. ऑपरेशन असल्यास पहिला नंबर द्यावा, सलाईनमधून साखर चालू ठेवावी.

"डॉक्टर आल्याशिवाय सलाईन लावता येत नाही, किती वेळा सांगू?"

"सहाला ग्लुकोजचं पाणी दिलंय, तेवढंच, सिस्टर. पाच तास झाले."

"अहो, एवढ्याशा उपासाने काय होतंय? बाकीची पोरं नाहीत का उपाशी?"

होती ना. आणि सगळी गळा काढून रडत होती. शिंप्याला त्यांच्या आईबापांचा हेवा वाटला.

त्याने पिशवीतून ग्लुकोजच्या पाण्याची बाटली काढली. लेकीला मांडीवर उठवून बसवलं, चमचा ओठांना लावला. "गिळ गं राणी, गिळ." एक चमचा गेला. दुसरा गेला. बाटली अर्ध्यावर आली तेव्हा भिंगरीने त्याचा हात झिडकारला, चमचा उडवला आणि भोकाड पसरलं. शिंप्याच्या जिवात जीव आला.

सिस्टर धावत आल्या. "काय केलंत हे? आता भूल देता येणार नाही. ऑपरेशन रद्द! पुढची तारीख दोन महिन्यांनी. शहाणेसुरते दिसता, आणि एक साधी सूचना पाळता येत नाही?"

त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'पालकांनी सूचना पाळली नाही,' आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे आपटला.

रडत्या लेकीला कडेवर घेऊन शिंप्याने सही केली. पेन परत देताना म्हणाला, "हिच्या थोरल्या भावाच्या वेळी पाळली होती, सिस्टर. तपासणी होती त्याची, उपाशी पोटी आणा म्हणाले होते. पाण्याचा थेंब दिला नाही आम्ही त्याला. अगदी शेवटपर्यंत."