आधी मी बसते

"ही लाल मूठ," कुंदन म्हणाला, "मला काही झालं तर दोन्ही हातांनी ओढायची. मोठी छत्री उघडते. अख्खं विमान तिला लटकून खाली येतं."

"आपण कितीही खाली असलो तरी?" मनीषाने विचारलं.

"तेवढं काही होत नाही." त्याने तिचा पट्टा आवळला.

आपल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, हे मनीषाच्या लक्षात आलं. इंदिरानगरात तिचं औषधांचं दुकान होतं. माणूस कुठे बोलणं टाळतो, ते तिला कळायचं. रविवारी त्यांची मुलगी शर्वरी या विमानात बसणार होती, वाढदिवसाची भेट म्हणून. "आधी मी बसते," असं मनीषाने घरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून कुंदन तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होता.

सिन्नरच्या पुढे माळावर ती खासगी धावपट्टी होती. कुंदन उडायला शिकला तो जुन्या, संथ विमानावर. हे नवं, दोघांपुरतं, गुळगुळीत आणि वेगवान विमान त्याने उन्हाळ्यात मित्रांच्या भागीदारीत घेतलं होतं. त्याला शिकवणाऱ्या कॅप्टन सायली शेडमधून बाहेर आल्या. मनीषाने हात केला, पण त्यांचं लक्ष कुंदनकडे होतं.

"सर, आज एकटेच जाणार होतात ना?"

"आलोच एक चक्कर मारून," म्हणत कुंदनने वरची काच ओढून घेतली.

"त्या असं का म्हणाल्या?"

"तिला माझ्याकडून अजून शिकवणीचे तास लावून घ्यायचेत. दुसरं काय."

घोटीला गाडीने जायचं म्हणजे तास मोडतो. इथे बघता बघता पिवळी पडलेली भातखाचरं खाली आली. कुंदन खूश होता. समोर डोंगरांवर ढग बसले होते. मनीषाला ते लांब वाटले. एक तळं बघून तिने मान वर केली, तोवर ढगांनी पुढची काच व्यापली होती. कुंदन स्क्रीनवर बोट फिरवत काहीतरी शोधत होता.

"अहो, बाहेर बघा."

त्याने वर पाहिलं आणि विमान एकदम वळवलं. तिचं डोकं काचेवर आपटलं.

"दिसले होते मला," तो म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नाही. परतताना तो पुन्हा पुन्हा तळहात पँटला पुसत होता.

धावपट्टी दिसली, तेव्हा ती बाजूने मागे पडत चालली होती. कुंदनने वळण घेतलं. ते पुरेना, म्हणून आणखी आवळलं. मनीषाच्या बाजूचा पंख जमिनीकडे कलला. कर्कश भोंगा वाजू लागला आणि विमान खालून सुटल्यासारखं थरथरलं. तिचे दोन्ही हात लाल मुठीवर गेले. खाली कांद्याची रोपं एकेक वेगळी दिसत होती. एवढ्याशा उंचीवर छत्री उघडणार तरी कशी?

कुंदनने पंख सरळ करत नाक खाली दाबलं. भोंगा थांबला, पण आता विमान सुसाट निघालं. स्क्रीनवरची एकच गोष्ट मनीषाला समजत होती, वेगाचा आकडा. नव्वद. चाकं टेकेनात. अर्धी धावपट्टी खालून निघून गेली. मग दणका बसला, विमान उसळलं, पुन्हा दणका. ते थांबलं, तेव्हा पुढे फक्त तारेचं कुंपण होतं.

सायली धावत आल्या. दोघं धड उतरलेली पाहून त्यांनी आधी श्वास घेतला.

"टेकताना वेग किती होता, सर?"

"साठच्या आसपास. मागून वारा होता ना, म्हणून लांबलं."

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला नुसती लोंबत होती. सायलींनी तिच्याकडे पाहिलं, मग मनीषाकडे.

चारचौघांत मनीषाने नवऱ्याचं बोलणं कधी खोडलं नव्हतं. सासरी नाही, त्याच्या मित्रांत तर नाहीच.

"नव्वद होता," ती म्हणाली. "आणि त्याआधी वळताना भोंगा वाजला."

कुंदन तिच्याकडे बघतच राहिला.

"ठरवून आलात का दोघी?" त्याने हसायचा प्रयत्न केला.

"वळणात भोंगा वाजला म्हणजे विमान पडायच्या बेतात होतं. चावी द्या, सर," सायली म्हणाल्या. "आता माझ्याबरोबर पहिल्यापासून शिकायचं. मी सांगेपर्यंत शेजारी कुणालाही बसवायचं नाही."

त्याने चावी दिली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"काही नाही. आकडा वाचता येतो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "शर्वरीला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा."

हायवेला लागल्यावर मागून एका ट्रकने हॉर्न दिला, तशी कुंदनने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"तू चालव," तो म्हणाला.

दोघांनी जागा बदलल्या. मनीषाने गाडी काढली. पुढे चाऱ्याने भरलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. तिने पुढे जायला उजवीकडचा दिवा लावला.

"हळू," कुंदन म्हणाला.

काटा चाळिसावर होता. मनीषाने दिवा बंद केला, पाय थोडा उचलला आणि ट्रॅक्टरच्या मागेच राहिली.